खिंडीतली चोरटी आई

देवीच्या पुढ्यात दगडात कोरलेली ही दोन कुंडं आहेत, ती आधी नीट पाहून घ्या. डावीकडच्यात मीठ आणि उजवीकडच्यात नाचणी. नाचणीच्या जागी कधी वरी दिसेल, कधी भात. मिठाच्या जागी मात्र मीठच असतं. त्या कुंडाची कड बघा, इतक्या वर्षांच्या मिठानं कशी खाऊन टाकली आहे. देवीला डोळे-नाक काही नाही, नुसता शेंदूर लावलेला गोल दगड, तांदळा आहे. तोंड कुठल्या बाजूला आहे हे कोणाला सांगता येत नाही. घाटमाथ्यावरचे करंजवाड्याचे लोक म्हणतात, ती आमच्याकडं बघते. खाली खाडीकाठच्या खारवणचे लोक म्हणतात, आमच्याकडं.

दोन्हीकडचे लोक इथं येतात, आपापल्या कुंडात मूठभर टाकतात आणि मोठ्यानं म्हणतात, "चोरटे, घे."

नवीन माणूस हे ऐकून दचकतो. देवीला चोरटी म्हणतात म्हणजे काय, असं तुमच्यासारखेच पुष्कळ जण विचारतात. ते तिचं नावच आहे. चोरटी आई. ते कसं पडलं, हे माझ्या आजोबांनी मला सांगितलं, त्यांना त्यांच्या आजोबांनी. जसं कानावर आलं तसं सांगतो. दमला असाल, त्या पायरीवर टेका.

फार जुन्या काळातली गोष्ट आहे. कोणाचं राज्य होतं ते कोणी सांगत नाही. तेव्हा तुम्ही ज्या वाटेनं चढून आलात, त्याच वाटेनं बैलांचे तांडे यायचे. खारवणला मिठागरं होती. तिथलं मीठ गोण्यांत भरून, बैलांच्या पाठीवर टाकून लोक इथवर आणायचे. वरून करंजवाड्याचे लोक धान्य घेऊन उतरायचे. या सपाट जागेवर माप व्हायचं. इतकं मीठ, इतकी नाचणी. मग मीठ वर जायचं, धान्य खाली. खारवणला शेती होती, पण थोडी. वर धान्य मुबलक होतं, पण माणसाला आणि जनावराला मीठ लागतं ते कुठून आणणार? दोन्ही गावांचं एकमेकांवाचून चालत नव्हतं.

आणि तरी दोन्ही गावांचं पटत नव्हतं. कारण घरी जाऊन पुन्हा माप केलं की तूट यायची. करंजवाड्याचे लोक म्हणायचे, खारवणकर मीठ कमी घालतात. खारवणचे म्हणायचे, वरचे लोक पायलीत हात मारतात. मापावर धान्याची शीग चढवायची की सपाट करायची, यावर अर्धा दिवस जायचा. पुढं पुढं तर माप करताना दोन्हीकडची माणसं काठ्या घेऊन उभी राहू लागली.

खरं काय होतं, ते तुम्ही इथं एक सकाळ बसलात तर तुम्हालाच कळेल. या खिंडीत धुकं असं भरतं की पुढचा माणूस दिसत नाही. त्या ओलीत मीठ पाझरतं आणि गोणीतून पाणी होऊन गळतं. धान्य ओल धरून फुगतं. फुगलेलं मोजलं आणि घरी जाऊन उन्हात वाळवलं की माप खाली बसणारच. चोर कोणी नव्हतं. पण एकदा माणसाच्या मनात चोर शिरला की तो धुक्याकडं कशाला बघेल?

त्या काळी या खिंडीत एक बाई राहायची. सावू तिचं नाव. तिचा नवरा मालू तांड्याचे बैल हाकायचा. एका धुक्याच्या सकाळी बैल वाचवायला गेला आणि कड्यावरून खाली गेला. सावू त्याला शोधायला आली ती परत गेलीच नाही. तिनं इथंच खोपटं बांधलं. झऱ्याचं पाणी भरून ठेवायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाजायची, बैलांच्या खांद्यांना तेल-हळद लावायची. कोणी मूठभर धान्य द्यायचं, कोणी चिमूटभर मीठ. त्यावर तिचं भागायचं.

तिचं माहेर करंजवाड्याचं आणि सासर खारवणचं. त्यामुळं झालं असं की वरचे लोक तिला खालची समजायचे आणि खालचे लोक वरची. पाणी सगळे प्यायचे, पण तिचा शब्द कोणी मानायचं नाही. बोलायला लागली की लोक म्हणायचे, ती काय, तिकडचीच.

मग ते वाईट वर्ष आलं. उन्हाळ्यात मापावरून बाचाबाची झाली. खालून कोणीतरी दगड भिरकावला, तो करंजवाड्याच्या बाळकूला लागला आणि त्याचा एक डोळा गेला. बाळकू म्हणजे करंजवाड्याच्या सुभान पाटलाचा चुलतभाऊ. रागाच्या भरात वरच्या लोकांनी खारवणचे बैल गोण्यांसकट वर हाकून नेले. खारवणचा पुढारी होता हिराजी म्हात्रे. त्याचा धाकटा भाऊ जोमा पुढच्या बैलाचा कासरा सोडेना, म्हणून त्यालाही बैलांबरोबर ओढत नेलं. खारवणनं शपथ घेतली, माणूस परत येईपर्यंत मिठाचा खडा वर जाणार नाही. करंजवाड्यानं शपथ घेतली, खारवणकर चोरी कबूल करेपर्यंत माणूसही सुटणार नाही आणि दाणाही खाली जाणार नाही.

पावसाळ्यात वाट बंद असते, तेव्हा शपथ पाळायला काही लागत नाही. पण त्या पावसाळ्यात उधाणानं खाडीचा बांध फुटला आणि खारवणची भातशेती खाऱ्या पाण्याखाली गेली. गणपतीनंतर खाली चुली पेटेनाशा झाल्या. बायका पाणथळीतून कंद उपटून आणायच्या, ते उकडून मुलांना द्यायच्या. म्हातारी माणसं जेवण झालं असं खोटंच सांगू लागली. हिराजीची आई रोज संध्याकाळी दारात येऊन घाटाकडं बघत उभी राहायची. जोमाचं नाव घेणं तिनं सोडलं होतं. घरात कोणी काढलं तर उठून जायची.

वर कणग्या भरलेल्या होत्या, पण सुख तिथंही नव्हतं. मीठ संपलं होतं. अळणी भाकरी घशाखाली उतरत नव्हती. गाई भिंती चाटू लागल्या, दूध आटलं, बैल नांगराला उभे राहीनात. सुभान पाटलाच्या गोठ्यात जोमा राहत होता. त्याला कोणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. तो पाटलाच्या शेतात नाचणी लावत होता. पण त्याच्याकडं पाहिलं की पाटलाला जेवण जात नसे, असं सांगतात. सोडावा तर गाव काय म्हणेल, आणि ठेवावा तर किती दिवस?

वाट उघडली तशी दोन्हीकडची शहाणी माणसं कुजबुजू लागली. शेवटी निरोप गेले आणि बोलणी या खिंडीत करायची ठरली. हिराजी खालून आला. बरोबर गावातले पुरुष, आणि उरलेल्या बैलांवर मिठाच्या गोण्या. सुभान पाटील वरून आला. बरोबर धान्याचे बैल, त्यांत खारवणचे हाकून नेलेलेही, हात बांधलेला जोमा आणि डोळ्यावर फडकं बांधलेला बाळकू. दोन्हीकडं काठ्या, कोयते आणि गोफणी. उन्हं चढायची वेळ झाली तरी धुकं हटलं नव्हतं.

दर ठरवायला वेळ लागला नाही म्हणे. भुकेला माणूस आणि अळणी खाणारा माणूस दरावर फार ताणत नाही. गाडं अडलं ते वेगळ्याच जागी. करंजवाडं म्हणे, आधी चोरी कबूल करा. खारवण म्हणे, चोरी तुम्ही केलीत, तुम्ही कबूल करा आणि आमचा माणूस सोडा. दोघांनाही घरी जाऊन तोंड दाखवायचं होतं. इतक्या शपथा आणि इतके हाल झाल्यावर, आम्हीच चुकलो असं कोण म्हणणार?

तेव्हा सावू पाण्याची घागर घेऊन मधे आली. तिनं हात जोडून दोघांना सांगितलं की इथं कोणी कोणाचं चोरलेलं नाही. गोण्या माझ्या दारात उतरतात, मी रोज बघते. मीठ पाझरून जातं, दाणा ओलीनं फुगतो. तूट धुक्यानं येते, माणसानं नाही.

खरं तर हे ऐकून सगळं मिटायला हवं होतं. पण सुभान पाटलाचा चेहरा उतरला. तो हळू आवाजात म्हणाला, "मग बाळकूचा डोळा धुक्यासाठी गेला का?"

हिराजीच्याही डोळ्यांपुढं आपल्या गावातली कंद खाणारी मुलं उभी राहिली. ती धुक्यासाठी उपाशी राहिली, असं तो कोणत्या तोंडानं सांगणार? खरं सांगितलं तर दोन्ही गावं मूर्ख ठरत होती. मूर्ख ठरण्यापेक्षा माणसं भांडत राहिलेली बरी, असं दोघांच्याही मागच्या लोकांना वाटलं. ती तिकडची बाई आहे, तिचं काय ऐकता, असा दोन्ही बाजूंनी एकच गलका झाला. गोफणींत दगड भरले गेले. जोमाला ज्यानं धरलं होतं, त्यानं कोयता त्याच्या मानेशी आणला.

सावूनं घागर खाली ठेवली. क्षणभर ती दोन्हीकडच्या माणसांकडं बघत राहिली. मग ती म्हणाली, "मी चोरलंय."

गलका थांबला.

"मीठही मी चोरलं आणि धान्यही. गोण्या माझ्या दारात उतरायच्या. तुम्ही पाणी प्यायला बसलात की मी काढून घ्यायचे. नवरा गेल्यापासून हेच करत आलेय."

करंजवाड्याचे लोक ओरडले, तुमचीच सून आहे ती. खारवणचे ओरडले, तुमचीच लेक आहे. सावूनं मान हलवली. "मला तुम्ही दोघांनीही कधी आपली म्हटलं नाही. म्हणूनच दोघांचं घेतलं."

हिराजीनं तिच्या खोपटाकडं पाहिलं. एक मडकं, एक घोंगडी आणि तीन दगडांची चूल. त्यात दोन गोण्यासुद्धा धड मावल्या नसत्या. इतक्या वर्षांचं मीठ एकट्या बाईनं नेलं कुठं? त्यानं मान वळवली, तर सुभान पाटीलही खोपटाकडंच बघत होता. दोघांची नजरानजर झाली. ही खोटं बोलते आहे हे दोघांनाही कळलं होतं, आणि दुसऱ्यालाही ते कळलं आहे हेही. गेल्या कित्येक वर्षांत त्या दोघांना एकाच वेळी पटलेली ती पहिली गोष्ट होती, असं आमच्याकडं सांगतात.

पण मागच्या लोकांना ते कळलं नव्हतं. त्यांनी तिचं बोलणं खरंच मानलं. इतके दिवस साठलेला राग आता सगळा एका जागी वळला. बाळकू पुढं आला. फडक्याखालून पाणी गळत होतं. तो म्हणाला, हिच्यापायी माझा डोळा गेला, हिला कड्यावरून ढकला. दोन्हीकडच्या लोकांनी त्याला साथ दिली. मघाशी एकमेकांवर उगारलेल्या काठ्या आता एका बाईवर उगारल्या गेल्या. सावू जागची हलली नाही. मालू ज्या कड्यावरून गेला, तो तिच्या पाठीमागं होता.

हिराजी आणि सुभान पाटील एकदमच तिच्यापुढं जाऊन उभे राहिले. पाटलानं लोकांना सांगितलं, चोर दोन्ही गावांचा आहे, तेव्हा शिक्षाही दोन्ही गावांनी मिळून ठरवायची. आम्ही दोघं बोलतो, तोवर हिला कोणी हात लावायचा नाही.

मग ते दोघं बाजूला, तो मोठा दगड दिसतो ना, त्याच्या आडोशाला जाऊन बसले. लोकांना वाटलं, शिक्षा ठरते आहे. खरं तर तिथं सगळंच ठरत होतं.

सुरुवात हिराजीनं केली म्हणे. "पाटील, ती आपल्यासाठी मरायला निघालीय. तिला वाचवायचं तर आपल्याला दोघांनाही हातचं काही सोडावं लागेल. तुम्हाला काय सोडता येईल ते सांगा. मी मागणार नाही."

मागितलं असतं तर सुभान पाटलानं नाहीच म्हटलं असतं. कोणी मागतच नाही म्हटल्यावर त्याला विचार करावा लागला. तो म्हणाला, चोर सापडला, म्हणजे जोमावर काही आळ उरला नाही. तो आत्ताच सुटेल, बैलही परत मिळतील. तुमची शेती बुडाली आहे, तेव्हा या हंगामात धान्याच्या मापावर शीग चढवून देऊ आणि मीठ सपाट मापानं घेऊ.

हिराजी म्हणाला, ते आमच्यावर उपकार होतील. पण उपकार म्हणून देऊ नका, माझी माणसं घ्यायची नाहीत. बांध बांधून झाला की एक हंगाम आम्ही मिठावर शीग चढवू. फिटंफाट.

पाटलानं ते मान्य केलं. मग तो म्हणाला, "पण बाळकूचं काय करू? त्याला घेऊन मला घरी जायचंय."

याला उत्तर दिलं ते हिराजीनं. तो म्हणाला, बाळकूला मापावर बसवा. दोन्हीकडचं माप तोच करेल. पाटलाला वाटलं, हा थट्टा करतो. आमचा माणूस, आणि तुमचं माप? तुमचे लोक त्याच्यावर विश्वास ठेवतील?

"ठेवतील," हिराजी म्हणाला. "मापात खोट आली की काय होतं, हे त्याला जेवढं माहीत आहे तेवढं दुसऱ्या कोणाला? आणि दगड आमच्या बाजूनं आला होता. त्याला मानाची जागा आम्हीच दिलेली बरी."

पाटलानं तेव्हा त्याचा हात हातात घेतला.

दोघं परत आले आणि शिक्षा सांगितली. सावू चोर आहे. तिनं ही खिंड मरेपर्यंत सोडायची नाही. इथून पुढं प्रत्येक माप तिच्या डोळ्यांदेखत होईल. प्रत्येक मापामागं एक मूठ तिच्यासाठी उघडपणे बाजूला काढायची, म्हणजे तिला चोरायची गरज पडणार नाही. त्या मुठींचा ढीग इथंच राहील. घरी जाऊन ज्याला तूट येईल त्यानं तक्रार करायची नाही, काठी उचलायची नाही. त्यानं इथं यायचं आणि चोरटीच्या ढिगातून आपली तूट भरून न्यायची. माप बाळकू करेल आणि त्याच ढिगातून त्याचं पोट चालेल.

लोक बाळकूकडं बघू लागले. त्याच्या मनात काय चाललं होतं कोण जाणे. तो सावूच्या अगदी जवळ गेला. मग वळून त्यानं पायली उचलली आणि खारवणच्या माणसाला म्हणाला, "आणा गोणी."

एवढं म्हणायचा अवकाश, कोयता धरणाऱ्यानंच जोमाचे दोर कापले. हिराजीनं भावाला मिठीत घेतलं तेव्हा त्याच्या अंगाला करंजवाड्याच्या शेणमातीचा वास येत होता. जोमा पहिलं काय बोलला, तर आपले बैल ओळखून त्यांना नावांनी हाका मारू लागला. कोणीतरी मिठाची गोणी फोडली. वरचे बैल वास येताच माना लांब करून धावले, त्यांना कोणी आवरलं नाही. माणसांनी जिभेवर खडे ठेवले आणि ती लहान मुलांसारखी हसायला लागली. गोफणींतले दगड काढून तीन चुली मांडल्या गेल्या. त्यावर नाचणीची पेज शिजली, तिच्यात मीठ पडलं. ज्यांनी सकाळी एकमेकांची डोकी फोडायची ठरवली होती, ती माणसं एकाच पंगतीत बोटं चाटत बसली. सावूनं वाढलं. तिच्या हातून घ्यायला काहींनी नाक मुरडलं, पण घेतलं.

दिवस मावळायच्या आत तांडा खारवणला उतरला. हिराजीची आई दारात उभी होती. बैलांच्या पाठी भरलेल्या दिसल्या, तरी ती हलली नाही. मग सगळ्यांच्या पुढं कासरा धरून चालणारा जोमा तिला दिसला. ती खाली बसली आणि म्हणाली, "आता जेवायला वाढा कोणीतरी."

निघण्याआधी हिराजी आणि पाटील सावूला एकटीला भेटले होते. त्यांनी तिला सांगितलं, थोडे दिवस जाऊ दे, लोक शांत झाले की आम्ही खरं सांगू, तुझ्यावरचा डाग पुसू. सावूनं दोघांचे हात झऱ्याच्या पाण्यात धरले आणि त्यांना शपथ घातली, की मी जिवंत आहे तोवर हे कोणाला सांगायचं नाही. ती म्हणाली, "मी चोर नाही असं कळलं, की लोक दुसरा चोर शोधायला लागतील."

त्या शपथेची किंमत तिनं एकटीनं भरली. करंजवाड्यातली मुलं तिला चोरटी म्हणून चिडवायची, खारवणची बायामाणसं तिच्यासमोर पदराच्या गाठी चाचपायची. वर तिचा एक भाऊ होता. तो या वाटेनं कितीदा तरी गेला, पण तिच्या घागरीचं पाणी प्यायला नाही. तो तसाच मेला. त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही. बाकी तिनं कधी कोणाला काही म्हटलं नाही.

बाळकू रोज तिच्या शेजारी मापावर बसायचा. पहिल्याच हंगामात त्यानं गोण्यांतून पाणी गळताना पाहिलं असणार. एका डोळ्याला ते दिसायला अवघड नव्हतं. तो कधी बोलला नाही. फक्त त्यानंतर तिला झऱ्यावर जावं लागलं नाही, घागर भरलेली असायची. थंडीच्या दिवसांत दाराशी लाकडं रचलेली असायची. आमचं आडनाव मापारी. आम्ही त्या बाळकूचे.

सावू म्हातारी होऊन मेली. तोवर सुभान पाटील गेला होता. खारवणहून हिराजीला डोलीत बसवून वर आणलं, कारण त्याला चालवत नव्हतं. दोन्हीकडचे लोक जमले होते. चोरटीचं एवढं काय करायचं, असंच बरेच जण आपसात बोलत होते. हिराजीनं तिच्या पायांशी बसून सगळं सांगितलं. तो थांबला तसा बाळकू म्हणाला, मला ठाऊक होतं. हिराजीनं त्याच्याकडं बघितलं आणि तो लहान मुलासारखा रडला. इतकी वर्षं आपण एकटेच हे ओझं वाहतो आहोत, असं त्याला वाटत होतं.

लोकांना लाज वाटली, हे तर झालंच. पण लाजेबरोबर त्यांच्या मनावरचं काहीतरी उतरलंही. आपले वाडवडील चोर नव्हते, आपण ज्यांना चोर म्हणत होतो तेही नव्हते, हे दोन्ही गावांना एकाच दिवशी कळलं. तिला कोणी खांदा द्यायचा यावरून थोडं वाजलंच म्हणे, कारण आता दोघांनाही ती आपली हवी होती. शेवटी वरच्यांनी पुढून उचललं आणि खालच्यांनी मागून. जिथं ती बसायची तिथं हा तांदळा मांडला. तिचं नाव बदलावं असं काहींना वाटलं, पण बाळकूनं बदलू दिलं नाही. नाव तिनं स्वतः घेतलं होतं, ते आपण काढून घ्यायचं नाही, असं तो म्हणाला.

आता मीठ दुकानात मिळतं आणि बैलांचे तांडे कधीच गेले. पण आजही या पंचक्रोशीत सोयरीक अडते, दोन भावांचा बांध अडतो, सरपंचपदावरून दोन पार्ट्या अडतात, तेव्हा माणसं इथवर चढून येतात. दोघं आपापल्या मागणीतलं थोडं सोडतात आणि जो दोष कोणाचाच निघत नाही तो चोरटीच्या माथी मारतात. कोणी चिडून जुनं उकरायला लागलं की दुसरा म्हणतो, "ते चोरटीनं नेलं, सोडा आता." मग पुढचं बोलणं सुरू होतं. आणि आणखी एक आहे. आजही या देवीची कोणी शपथ घेत नाही, कौल लावत नाही. कोण खरं आणि कोण खोटं हे विचारायचं असेल तर लोक दुसऱ्या देवाकडं जातात. इथं येतात ते मिटवायला.